आधी नाव नीट लिहून घ्या

(८ जून या जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी चोपडा तालुक्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

२००० साली जर्मनीत ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने हा दिवस पाळायला सुरुवात केली, आता तो जगभर पाळतात. आपल्याकडे हा दिवस येतो तो कपाशीच्या बियाण्याच्या धावपळीत. तरी एवढ्या उकाड्यात तुम्ही आलात. काही जण कशासाठी आले आहेत ते मला इथूनच दिसतं. दोघा-तिघांच्या मांडीवर ती मोठी पिशवी आहे, एमआरआयच्या फिल्मची. माझ्या घरी कपाटावर अशा बऱ्याच पिशव्या आहेत, तारखेनुसार लावलेल्या.

मी डॉक्टर नाही, ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षं पुस्तकं देणं, शोधून काढणं, एवढंच काम केलं. कोणती गोळी घ्यावी, ऑपरेशन करावं की नाही, हे मी सांगणार नाही. मात्र माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूत गाठ निघाली, तेव्हा खरी माहिती कुठे मिळते आणि माणूस कुठे मिळतो, हे शोधायला आम्हाला फार वणवण करावी लागली. त्यातली काही वणवण तुमची वाचावी म्हणून उभी आहे.

२०१८ची गोष्ट. दिवाळीच्या आधीचे दिवस. भाऊ केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघत होता. सोबतच्या सालदाराने सांगितलं की त्याचा उजवा हात आधी थरथरायला लागला, मान वळली आणि तो आडवा झाला. फिट आली होती. सगळीकडे होतं तेच तिथेही झालं. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा आणायला पळालं, एकाने दातखीळ उघडायला चमचा घातला. चमच्याने त्याचा एक दात तुटला. हे आधीच सांगून टाकते, कारण हे आज रात्रीही कुणाच्या घरात घडू शकतं. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आजूबाजूची टणक वस्तू सरकवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर सरळ दवाखाना गाठा.

जळगावला एमआरआय झाला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता, पण तिथल्या एका माणसाने बाहेर येऊन हळूच सांगितलं, ‘गाठ आहे, मोठी आहे.’ एवढंच. त्या रात्री माझ्या भाच्याने मोबाइलवर ‘ब्रेन ट्यूमर’ टाकलं. समोर पहिली गोष्ट आली ती ही की असे रुग्ण साधारण चौदा-पंधरा महिने जगतात. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा लपला नाही. सकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, फक्त भाऊ सोडून.

पुढचे तीन आठवडे आमचं घर त्या चौदा-पंधरा महिन्यांवर चाललं. बागेतला अर्धा तुकडा विकायचा का, मुलीची दहावी आहे, तिला मामाकडे ठेवायचं का, अशी बोलणी झाली. वहिनीने जेवण सोडलं. आणि ज्या आजाराच्या आकड्यावर हे सगळं चाललं होतं, तो आजार माझ्या भावाला झालेलाच नव्हता.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की बाबा रे, नाव सांग, लेखक सांग, निदान विषय सांग. ‘ते निळ्या कव्हराचं पुस्तक द्या’ म्हटलं तर मी काय देणार? आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी तेच केलं. ‘ब्रेन ट्यूमर’ हे निळ्या कव्हराचं पुस्तक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिंजिओमा हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा, आणि तो बहुतेक वेळा साधा असतो, कॅन्सरचा नसतो. पिट्युटरी ग्रंथीच्या गाठी वेगळ्या. मेंदूच्या आधारपेशींतून निघतात त्या ग्लायोमा, त्यांत पुन्हा पोटप्रकार. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरतो तो आणखी वेगळा. आपल्या देशात तर एमआरआयवर गाठीसारखं दिसणारं सगळंच ट्यूमर नसतं. क्षयाची गाठ मेंदूत होते, फीतकृमीच्या अळीची गाठ होते. तीसुद्धा फिट आणते आणि ती औषधाने बरी होऊ शकते.

म्हणून आजच्या बोलण्यातलं एकच घरी न्यायचं असेल तर हे न्या: मोबाइलवर काहीही शोधण्याआधी आजाराचं नाव नीट लिहून घ्या. पूर्ण नाव, डॉक्टरांच्या अक्षरात नाही, तुमच्या अक्षरात, त्यांना विचारून.

हे नाव मिळतं कुठे? एमआरआयच्या रिपोर्टात अंदाज असतो. त्यावर ‘बहुधा हे असावं’ अशा अर्थाचे शब्द असतात, ते वाचायला शिका. पक्कं नाव गाठीचा तुकडा तपासल्यावरच बहुतेक वेळा मिळतं. तो रिपोर्ट हिस्टोपॅथॉलॉजीचा. त्यावर गाठीचा प्रकार असतो आणि ग्रेड असते, १ ते ४. इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोक विचारतात, ‘कितवी स्टेज?’ स्टेज म्हणजे कॅन्सर शरीरात किती पसरला ते. मेंदूतच सुरू झालेल्या गाठींना सहसा स्टेज लावत नाहीत, ग्रेड लावतात. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक आहेत ते. ग्रेड ३ ऐकून ‘तिसरी स्टेज’ असं गावभर झालं की लोक भेटायला येतात ते शेवटची भेट घ्यायला आल्यासारखे. आमच्याकडे आले होते.

आणि आता त्या नावाला आणखी एक भाग जोडलेला असतो, जनुकांच्या तपासणीचा. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदा मेंदूच्या काही गाठींच्या नावातच हा भाग घेतला, आणि २०२१ च्या वर्गीकरणात तो आणखी पक्का झाला. आयडीएच नावाच्या जनुकात बदल आहे की नाही, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे गळालेले आहेत की नाही, एमजीएमटी या जनुकाची स्थिती काय. ही नावं पाठ करू नका. पण तुमच्या रिपोर्टात ग्लायोमा लिहिलेलं असेल आणि या तपासण्यांबद्दल एक ओळही नसेल, तर डॉक्टरांना विचारा, ‘या तपासण्या झाल्या का? करायला हव्यात का?’ असं विचारलं तर डॉक्टर रागावतील असं वाटतं ना? आम्हालाही वाटायचं. चांगला डॉक्टर रागावत नाही.

भावाचं ऑपरेशन एका मोठ्या शहरात झालं. पहिल्या रिपोर्टवर नुसतं ‘ग्लायोमा, ग्रेड ३’ एवढंच होतं. पुढच्या तपासण्या कराव्यात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कुणा एकाला दोष देण्यात आता अर्थ नाही, पण ते सांगायला हवं होतं. ओळखीतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, ‘स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या आणि मुंबईला टाटाला दाखवा.’

ब्लॉक म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. गाठीचा तुकडा मेणात घट्ट बसवून ठेवतात, त्याचा तो ठोकळा. आपल्या बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, मागे प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर पेन्सिलीने नंबर. प्रयोगशाळेत अर्ज दिला, सही केली, त्यांनी दोन ठोकळे आणि काचेच्या काही पट्ट्या एका डबीत घालून दिल्या. रुग्णाने रीतसर अर्ज केला तर ते मागता येतात, फक्त पोच घ्या आणि काम झाल्यावर परत कुठे द्यायचे ते विचारून ठेवा. मेण वितळू नये म्हणून उन्हापासून जपायचं. जळगावहून रात्रीच्या गाडीत मी ती डबी मांडीवर घेऊन बसले होते. पर्समध्ये ठेवायचं धाडस झालं नाही. माझ्या भावाच्या डोक्यातलं काहीतरी माझ्या ओंजळीत होतं, आणि त्यात त्याच्या आजाराचं नाव होतं.

तपासणीत आयडीएचमध्ये बदल आणि १पी-१९क्यू दोन्ही गळालेले, असं निघालं. नाव ठरलं: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड ३. हा कॅन्सरच आहे, सोपा आजार नाही. पण शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो या प्रकाराला चांगला प्रतिसाद देतात आणि यातले पुष्कळ रुग्ण दहा वर्षांच्या पुढे जातात. भाच्याने पहिल्या रात्री वाचला होता तो आकडा ग्लायोब्लास्टोमाचा होता, दुसऱ्याच आजाराचा.

ग्लायोब्लास्टोमाचं नाव घेतलं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या दादांनी मान खाली घातली. दादा, हे तुमच्यासाठी आहे, म्हणून थोडं थांबून बोलते.

तो आकडा येतो २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून. शेकाबरोबर टेमोझोलोमाइड नावाची गोळी दिली तर काय होतं हे त्यात पाहिलं. गोळी घेणाऱ्यांचा मध्यक १४.६ महिने आला, नुसता शेक घेणाऱ्यांचा १२.१. आजही त्या आजाराच्या उपचाराचा पाया तोच आहे. आता मध्यक म्हणजे काय? शाळेत मुलं उंचीनुसार उभी करतात, तेव्हा रांगेत बरोबर मधे उभा राहतो त्या मुलाची उंची. रांगेतल्या निम्म्या मुलांची उंची त्याच्यापेक्षा जास्त असते. त्याच अभ्यासात गोळी घेणाऱ्या शंभरातले साधारण २६ जण दोन वर्षांनंतर हयात होते, आणि पाच वर्षांनंतर दहाच्या आसपास. तुमचं माणूस रांगेत कुठे उभं आहे हे मध्यक सांगत नाही. वय, तब्येत, गाठ किती काढता आली, एमजीएमटीची स्थिती, यावर ते ठरतं, आणि तरीही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, आजार कठीण आहे. पण ‘तीन महिने’, ‘सहा महिने’ असे आकडे जो माणूस रिपोर्ट न बघता देतो, त्याचं ऐकू नका. आणि आकडा ऐकायचाच नसेल तर तसं डॉक्टरांना सांगता येतं: ‘साहेब, मला पुढची पायरी सांगा, आकडा नको.’ तो तुमचा अधिकार आहे.

आता मोबाइलकडे येते, कारण आपण सगळे तिथेच जाणार. पुस्तक हातात घेतलं की ग्रंथपाल आधी शीर्षकाचं मागचं पान बघतो: कुणी लिहिलं, कुठल्या साली, कुणी छापलं. आजाराच्या माहितीलाही तेच लावा. साल नसेल तर ती माहिती बाजूला ठेवा. मेंदूच्या गाठींबाबत साल फारच महत्त्वाचं आहे. २०१६ आधीच्या लिखाणातली नावंच आज वेगळी झाली आहेत. २०२१ पर्यंत ग्लायोब्लास्टोमा म्हणत त्यातल्या एका गटाचं आता नावच बदललं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब नावाच्या गोळीला, आयडीएच बदल असलेल्या ग्रेड २ च्या काही गाठींसाठी, मान्यता मिळाली. २०२३ मध्ये लिहिलेल्या पानावर ती असणार नाही, आणि आज कुणी ती प्रत्येक ब्रेन ट्यूमरला चालते म्हणून सांगत असेल तर तेही चूक.

मग बघायचं, हे लिहिणारा काही विकतो आहे का. पानाच्या शेवटी फोन नंबर आणि ‘आजच संपर्क करा’ असेल तर ती जाहिरात आहे, मग वर डॉक्टरचा कोट घातलेला फोटो असो. इंग्रजी थोडंफार येत असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची रुग्णांसाठी लिहिलेली पानं आणि ब्रिटनमधल्या कॅन्सर रिसर्च यूकेची पानं सोप्या भाषेत आहेत. नसेल येत, तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा आणि मराठीत सांगायला लावा. पण त्याने वाचलेलं शेवटी वहीत प्रश्न म्हणून उतरलं पाहिजे आणि तो प्रश्न डॉक्टरांपुढे गेला पाहिजे.

आपल्याकडे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून मुंबईत परळला आहे, त्याचं दुसरं केंद्र खारघरला आहे. २०१२ पासून राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड नावाचं जाळं आहे, त्यात देशभरातली कॅन्सर रुग्णालयं जोडलेली आहेत. टाटाच्या सहकार्याने चालणारी ‘नव्या’ याच नावाची ऑनलाइन सेवा आहे, तिच्यावर रिपोर्ट पाठवून घरबसल्या तज्ज्ञांचं दुसरं मत घेता येतं. रात्रीच्या गाडीत आजारी माणसाला घालण्याआधी हा रस्ता बघा. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. आपण मका विकताना दोन ठिकाणी भाव विचारतो, इथे तर डोकं उघडायचं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं लक्ष्मणफळ, हळदीचे डोस, खाण्याचा सोडा, अमुक गावचा झाडपाला. मला हे पाठवणाऱ्यांचा राग येत नाही. ते प्रेमाने पाठवतात. त्यांना काहीतरी करायचं असतं आणि दुसरं काही हातात नसतं. पण कायदा काय सांगतो ते ऐका. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय कायदा आहे. कॅन्सर, अपस्मार अशा आजारांवर आपलं औषध चालतं अशी जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. म्हणजे पोस्टरवर ‘ब्रेन ट्यूमरवर हमखास इलाज’ लिहिणारा माणूस पोस्टर लावतानाच कायदा मोडतो. आमच्याकडे असा एक जण येऊन गेला. फिटची गोळी बंद करायला सांगत होता. भावाने दोन दिवस बंद केली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला इतक्या फिट आल्या की आम्ही त्याला परत आणू की नाही अशी वेळ आली. फिटची गोळी किंवा सूज कमी करायची स्टेरॉइडची गोळी मनाने कधीही एकदम बंद करायची नाही. दुसरं काही घ्यायचंच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना नाव सांगा, म्हणजे केमोशी त्याचं जमतं की नाही ते बघता येईल.

आत्ता मागून एका ताईंनी विचारलं, मोबाइलमुळे ट्यूमर होतो का. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरी ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशा गटात टाकल्या, तेव्हापासून ही भीती आहे. २०२४ मध्ये त्याच जागतिक संघटनेसाठी सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. ताई, तुमच्या मनात खरा प्रश्न दुसराच आहे, तुमचा मुलगा मोबाइल फार बघायचा म्हणून हे झालं का. नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही, मुलाचं ताट वेगळं करायची गरज नाही.

आता माणसांबद्दल.

मुंबईत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. त्या महाराजांनी आयुष्यभर खराट्याने गावं झाडली आणि धर्मशाळा बांधल्या, हे शाळेत वाचलेलं असतं. तिथे राहिल्यावर त्याचा अर्थ कळतो. टाटात येणारे दूरदूरचे लोक तिथे असतात. परळला नाना पालकर स्मृती समितीही रुग्णांची राहण्याची सोय करते. कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये मोफत राहता येतं.

तिथे आमच्या शेजारी सोलापूरकडच्या एक बाई होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या. सातवी शिकलेल्या. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती, वर खाकी कव्हर. उजव्या पानावर तारीख आणि डॉक्टर काय म्हणाले ते. डाव्या पानावर पुढच्या वेळी विचारायचे प्रश्न. शेवटच्या पानांवर गोळ्यांची नावं, किती वाजता, आणि फिट आली तर किती मिनिटं. मी ग्रंथपाल, आणि मला ही अक्कल त्यांनी दिली. त्यांची वही बघून मी त्याच संध्याकाळी दादर स्टेशनबाहेरून एक वही घेतली. ही बघा. पहिलं पान: ‘ऑलिगोडेंड्रोग्लायोमा’, तीनदा लिहून दोनदा खोडलेलं. खाली टाटाच्या फाईलचा नंबर. डावीकडचा पहिला प्रश्न: ‘ट्रॅक्टर चालवू शकतो का?’ उत्तर होतं, नाही, आणि विहिरीवर एकट्याने जायचं नाही, तापीत पोहायचं नाही.

डॉक्टरांना एका रुग्णासाठी फार थोडी मिनिटं असतात. त्या मिनिटांत पाच जण पाच प्रश्न विचारत असतील तर एकाचंही उत्तर नीट मिळत नाही. एकाने वही धरायची, एकाने बोलायचं. डॉक्टरांची हरकत नसेल तर मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा.

त्याच धर्मशाळेत मला शेकाचा मुखवटा काय असतो ते कळलं. गरम केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवतात, ती थंड होऊन घट्ट होते, आणि रोज शेक देताना डोकं हलू नये म्हणून ती टेबलाला अडकवतात. भाऊ पहिल्या दिवशी घाबरून उठला. दुसऱ्या खोलीतल्या एका तरुणाने, त्याचे वीस शेक झाले होते, त्याला सांगितलं, ‘डोळे मिटून मनात गावापासून शेतापर्यंतचा रस्ता चालत जायचा, शेतात पोचेपर्यंत संपतं.’ ३३ दिवस भाऊ असाच आपल्या बागेत जाऊन यायचा. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे त्या वाटेने गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून टाटा रुग्णालयाशी जोडून काम करणारी ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया आहे, तिच्या रुग्ण-नातेवाइकांच्या बैठका होतात, तिथे जरूर जा. उपचारांची माहिती डॉक्टरांकडून घ्या, दिवस कसा काढायचा ते अशा माणसांकडून.

पैशाचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात २०१२ च्या पहिल्या टप्प्यापासून आहे, तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. आता ती राज्यातल्या सगळ्यांसाठी आहे आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा, पैसे भरण्याआधी. नंतर मिळत नाही. चौकशीचा नंबर १५५३८८. धुळ्याला आणि आता जळगाव, नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुठली सोय कुठे ते तिथे विचारा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आम्हाला हे चौथ्या फेरीला कळलं. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, त्याला भेटल्याशिवाय निघू नका.

आता एक अवघड गोष्ट. मी वर म्हटलं, घरात सगळ्यांना कळलं होतं, भाऊ सोडून. आपल्याकडे हीच रीत आहे, ‘त्याला सांगू नका, खचेल.’ आम्ही त्याच्यासमोर फाईल उलटी ठेवायचो. डॉक्टरांना आधीच जाऊन सांगायचो की त्याच्यासमोर बोलू नका. तिसऱ्या फेरीला कल्याण गेलं, पहाटेची वेळ, बाकीचे झोपलेले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, ‘आक्का, मन्हा डोकामा काय शे, ते मले सांग.’

मी वही उघडली आणि पहिल्या पानावरचं नाव त्याला वाचून दाखवलं. ग्रेड म्हणजे काय ते सांगितलं. काय होऊ शकतं तेही सांगितलं, मला माहीत होतं तेवढं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे अजून वेळ आहे. तुमची तोंडं बघून मला वाटलं, मी गेलोच.’ तीन आठवडे तो आमच्या चेहऱ्यांवरून स्वतःचं मरण वाचत होता, आणि आम्हाला वाटत होतं आपण त्याला जपतोय. त्यानंतर प्रश्न तो स्वतः सांगायला लागला. वहीत त्याचं अक्षर दिसतं, उजवा हात नीट चालत नव्हता म्हणून वाकडं, पण त्याचं.

सगळ्यांना सगळं एका दमात सांगा असं मी म्हणत नाही. काहींना खरंच ऐकायचं नसतं. पण ते त्यांना विचारा, आपणच ठरवू नका.

आणि सांभाळणाऱ्याबद्दल. मेंदूच्या गाठीत माणसाचा स्वभाव बदलू शकतो. गाठीमुळे, सुजेमुळे, स्टेरॉइडमुळे, फिटच्या काही गोळ्यांमुळेही चिडचिड होते. शांत माणूस ताट फेकतो, रात्रभर जागतो, दर तासाला खायला मागतो. वहिनीला वाटलं, बाहेरचं काही आहे. भगताकडे जाऊन आली, मला सांगायला लाजत होती. मी डॉक्टरांकडे विषय काढला, त्यांनी दोन गोळ्या बदलल्या आणि पंधरा दिवसांत फरक पडला. असं काही झालं तर लपवू नका, तारखेसह वहीत लिहा. सांभाळणाऱ्यालाही रडावंसं वाटतं, मध्यरात्री बोलावंसं वाटतं. २०२२ पासून टेलि-मानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. वेदना आणि त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा आहे, तिचं नाव ऐकून घाबरू नका. ती शेवटच्या आठवड्यासाठीच असते असं नाही, उपचार चालू असतानाही मिळते.

भाऊ आज बागेत आहे. ट्रॅक्टर चालवत नाही. दर काही महिन्यांनी एमआरआय असतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. सोलापूरच्या बाईंचे यजमान गेले. त्यांनी मला फोन करून सांगितलं आणि म्हणाल्या, वही ठेवली आहे, कुणाला दाखवायला लागली तर सांगा. आज मी तुम्हाला दाखवतेय ती त्यांच्याच वहीची नक्कल आहे.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी याच वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. ज्यांच्याकडे पिशव्या आहेत त्यांनी या. येताना रिपोर्टांची झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी नीट ठेवा. कोऱ्या वह्या इथे कपाटात आहेत, पहिलं पान आपण मिळून लिहू.